कुसाबाईची गाठ

माझी गाठ सुटत नाय. फुशारकी म्हणून नाय सांगत, पिंपळगावच्या कुठल्याबी खळ्यावर जाऊन विचारा. कांद्याची गोणी भरली, तोंड शिवलं आणि दोन्ही कानांना कुसाबाईनं सुतळी आवळली की मग ती गोणी ट्रकात फेका नायतर जहाजात चढवा, गाठ जागची हलणार नाय. एकदा लांबच्या एका व्यापाऱ्याचा आमच्या शेठला फोन आला. म्हणे गोण्या उघडेचनात, कापाव्या लागल्या, सगळं बारदान वाया गेलं. शेठ माझ्यावर डाफरला. मी म्हटलं, "शेठ, कांदा सांडला का एक तरी?" मग काय बोलतो!

तीस वर्षं झाली मला या खळ्यावर. मुकादम हाय मी. वणीच्या देवीला अठरा हात, तशा माझ्या हाताखाली अठरा बाया. कांदा निवडायचा, बारकी गोल्टी एकीकडं, जोडकांदा एकीकडं, सडका मागं फेकायचा, चांगला गोणीत. गोल्टीत एखादा मोठा कांदा गेला की मी अशी ओरडते की हायवेवरचा टेम्पोवाला ब्रेक मारून बघतो, कोण मेलं म्हणून. तोंडाची फटकळ हाय मी, कबूल. पण चूक दाखवायची तर मोठ्यानंच दाखवावी, असं आपलं माझं मत. आता कुणी विचारेल, कुसाबाई, तुझी चूक झाली तर? तर तीच गोष्ट सांगायला बसलेय.

मोहिनी माझ्या धाकट्या भावाची, दत्तूची पोरगी. माझा नवरा लवकर गेला, तेव्हापासून मी माहेरीच, दत्तूच्या घराला लागून दोन खोल्यांत. मला लेकरूबाळ नाय. मोहिनी शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट खळ्यावर यायची आणि माझ्या शेजारी पोत्यावर बसायची. सडका कांदा निघाला की आम्ही तो मागं भिंतीपाशी टोपलीत टाकतो. त्यासाठी उठावं लागतं, कंबर मोडते. ही पोरगी बसल्या जागेवरून फेकायची. आधी दहा पावलांवरच्या टोपलीत, मग भिंतीपल्याडच्या ट्रॉलीत. नेम चुकायचा नाय. एक दिवस मात्र चुकला आणि कांदा ट्रॉलीच्याबी पल्याड उभ्या असलेल्या शेठच्या टोपीला लागला. शेठनं रान उठवलं. मी त्याच्यासमोर पोरीला चार शब्द सुनावले, आणि तो आत गेल्यावर गुपचूप पावलं मोजली. बावन्न भरली! अकरा वर्षांची होती तेव्हा.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, हिचा हात मी घडवला. रविराज सर म्हणतात, मी घडवला. रविराज सर म्हणजे तिचे नाशिकचे कोच. निफाडला तालुक्याच्या स्पर्धेत त्यांनी तिला बघितलं आणि हातात भाला दिला. सात वर्षं पोरगी पहाटेच्या एसटीनं नाशिकला जाते. मला आधी वाटायचं, भाला म्हणजे लोखंडी, चांगला जड असणार. हातात घेऊन बघितला तर सहाशे ग्रॅम! मी म्हटलं, "सर, एवढ्याशा काठीसाठी एवढा जीव काढता पोरीचा?" सर म्हणाले, "आत्याबाई, फेकून बघा." मी फेकला. तो आडवाच पडला, माझ्या पायापासून चार हातांवर. त्या दिवसापासून मी त्या काठीविषयी वाकडं बोलत नाय.

तर या वर्षी मोहिनीची निवड झाली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला. अख्ख्या आशिया खंडातल्या पोरी! पिंपळगावची पोरगी, भारताचं बनियन घालून! दत्तूनं गावभर पेढे वाटले. माझी भावजय सविता, मोहिनीची आई, नुसती रडत होती. तिचं तसंच हाय, आनंद झाला तरी रडते. बोलायला शांत, कधी आवाज चढवणार नाय. आम्हा दोघींना देवानं एकाच घरात का घातलं, ते त्यालाच ठाऊक.

मोहिनी जायच्या आधी दोन दिवस घरी आली होती. आपला स्वतःचा भाला बरोबर होता, नारिंगी रंगाचा. मधोमध धरायच्या जागी बारीक दोरी गुंडाळलेली असते, तिला पकड म्हणतात. त्या भाल्यावर पोरीचा असा जीव की रोज रात्री पुसून ठेवायची. निघायच्या दिवशी सवितानं पाट मांडला, त्यावर भाला ठेवला आणि हळदकुंकवाचं बोट पुढं केलं. तेवढ्यात तिला न्यायला आलेले रविराज सर ओरडले, "काकू, थांबा! भाल्याला काही लावायचं नाही. तिकडं तपासणी असते. वजन, लांबी, पकडीची दोरी, सगळं मोजून बघतात. काही वेगळं दिसलं तर भाला बाद." सविता बिचारी चपापली. तिनं कुंकू लावलं ते भाल्याच्या लांबड्या नळीच्या झाकणाला. सर म्हणाले, "तिथं चालेल."

आता खरं सांगते. आदल्या दिवशी मी वणीच्या गडावर जाऊन आले होते. वर जायला रुळावरची ट्रॉली झालीय आता, पण मी पायऱ्या चढले. गुडघे बोंबलत होते तरी चढले. देवीच्या पायाशी लावून लाल दोरा आणला. अठरा हातांत अठरा शस्त्रं धरणारी आपली देवी, तिला भाल्यातलं कळणार नाय तर कुणाला कळणार? आणि सर काय म्हणाले? भाल्याला काही लावायचं नाय. दोरा का लावायचा असतो? दोरा बांधायचा असतो. कुंकवाचा डाग पडतो, दोऱ्याचा थोडाच पडतो? असं मी माझं मला समजावलं. माणसाला चूक करायचीच असली की वकील घरातच मिळतो.

दुपारी सगळे जेवायला बसले. मी म्हटलं, हात धुऊन येते. बाहेरच्या खोलीत गेले, नळीचं झाकण काढलं, भाला अर्धा बाहेर ओढला, पकडीपर्यंत. दोरा नुसता बांधला तर घसरेल, म्हणून पकडीच्या दोरीच्या शेवटच्या वेढ्याखालून ओवून घेतला आणि आवळली गाठ. माझी गाठ! स्वयंपाकघराच्या दाराशी कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मी घाईनं भाला आत सारला, झाकण लावलं आणि पदराला हात पुसत पाटावर येऊन बसले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मनाला एवढं समाधान झालं होतं.

फायनलच्या दिवशी शेठनं दुपारी दोन तास खळं बंद ठेवलं. तिकडं संध्याकाळ, आपल्याकडं दुपार. आशा म्हणून एक पोरगी हाय माझ्या हाताखाली, तिचा मोबाईल सगळ्यात मोठा. तो आम्ही वजनकाट्यावर गोणीला टेकवून उभा केला. अठरा बाया, दत्तू, सविता, सगळे गोण्यांवर बसलेले. शेठ खुर्ची घेऊन मागं. मी पुढं, अगदी काट्याला नाक लावून.

तेवढ्यात रविराज सर आले. नाशिकहून मोटारसायकलवर. ते संघाबरोबर गेले नव्हते. चेहरा असा की जशी कुणी मिरचीची धुरी दिली.

"काय झालं, सर?" दत्तूनं विचारलं.

"मोहिनीचा भाला बाद झाला."

सर म्हणाले, "मैदानात जाण्याआधी तिनं मेसेज पाठवलाय. भाल्याची नळी तिच्या विमानात चढलीच नव्हती, मागच्या विमानानं आली, ती आज सकाळी. थेट तपासणीच्या टेबलावर उघडली. बघतात तर पकडीला लाल दोरा! काढायला गेले तर गाठ सुटेना. दोघे दोघे ऑफिसर लागले, तरी सुटेना. शेवटी चाकू घातला, तर दोऱ्याबरोबर पकडीची दोरी कापली गेली. सगळी पकड उसवली. भाला बाद."

मी मोबाईल गोणीला नीट टेकवायला लागले, तो नीटच होता.

"मग आता ती फेकणार काय?" शेठनं विचारलं.

"तिथले स्पर्धेचे भाले असतात. पण सवयीचा नाही ना. प्रत्येक भाला हातातून वेगळा सुटतो. वर्षभर ज्या भाल्यावर मेहनत घेतली..." सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "मी बजावून सांगितलं होतं. कुणी बांधला दोरा?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, देवीशप्पथ. पण आवाज बाहेर पडायच्या आधी मागून सविता म्हणाली, "मी."

मी वळून बघितलं. ती खाली मान घालून बसली होती.

"काकू! निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," सर म्हणाले. "मी तुमचं कुंकवाचं बोट तिथंच थांबवलं होतं. पोरीची सात वर्षांची मेहनत आहे यात. एका दोऱ्यापायी..." दत्तूनंबी तिच्याकडं असं बघितलं की मी असते तर त्याला तिथंच झापला असता. सविता नुसती म्हणाली, "चुकलं माझं, सर."

आणि मी? मी, कुसाबाई, जिच्या ओरडण्यानं टेम्पो थांबतात, ती मुकाट बसले. आधी मला बरं वाटलं. हो, खोटं कशाला बोलू, सुटले असं वाटलं. मग लाज वाटली. मग वाटलं, हिनंबी बांधला असेल का दोरा? पण सुटली नाय अशी गाठ हिची? हिची तर परकराची नाडी चालता चालता सुटते. मी बायांकडं बघितलं. सगळ्या जणी मान खाली घालून कांदे निवडत होत्या. खळं बंद असताना!

मोबाईलवर पोरी दिसायला लागल्या. अकरा जणी. कुणी चीनची, कुणी जपानची, एक थायलंडची, निळ्या बुटांची, चांगली उंचीपुरी. आणि आमची मोहिनी. सर समजावून सांगत होते: प्रत्येकीला तीन फेकी, मग पहिल्या आठ जणींना आणखी तीन. बाकीच्यांनी घरी जायचं. मोहिनीची आजवरची सगळ्यात लांब फेक सत्तावन्न मीटर. पदकाला अठ्ठावन्न तरी लागणार.

पहिल्या फेकीला तिनं पिवळा भाला घेतला. धावली, थांबली, फेकला. भाला वर गेला आणि आडवा होऊन पोटावर पडला. लाल झेंडा. टोक आधी टेकलं नाय तर फेक धरत नायत. अगदी माझ्यासारखा पडला, मी फेकला होता तसा. कुणी हसलं नाय.

दुसऱ्या फेकीला पन्नास मीटर. नंबर दहावा.

"एक फेक राहिली," सर म्हणाले. "हिच्यात आठात आली नाही तर संपलं."

मला वाटलं, माझ्या छातीवर कुणी भरलेली गोणी ठेवली. सात वर्षं पहाटेची एसटी. थंडीत कुडकुडत स्टँडवर उभी राहायची पोरगी. मी तिला स्वेटर दिला होता, तर म्हणायची, "आत्या, हात मोकळा पाहिजे गं." त्या हाताला मी गाठ मारून ठेवली.

तेवढ्यात ती निळ्या बुटांची थायलंडची पोरगी मोहिनीपाशी आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाय, हे लांबूनच कळत होतं. तिनं भाल्यांच्या स्टँडकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं, मग मोहिनीकडं. मोहिनीनं एक पांढरा भाला उचलला. त्या पोरीनं मान डोलावली.

"अरे वा!" सर उठूनच उभे राहिले. "तो तिचा स्वतःचा भाला आहे. मोहिनीचा आहे ना, त्याच कंपनीचा, तसाच."

"आणि तिनं दिला?" मी विचारलं.

"नियमच आहे, आत्याबाई. तपासून आत गेलेला भाला सगळ्यांचा. कुणीही घेऊ शकतं. पण खेळ चालू असताना आपण होऊन येऊन सांगणं, हे नियमात नाही."

"म्हणजे आपला भाला आत गेला असता तर तोबी त्या पोरींनी घेतला असता?"

"हो."

"मी नसता घेऊ दिला!" मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. काय तोंडानं बोलत होते मी? ती परकी पोरगी आपला भाला देत होती आणि मी इथं घरच्या पोरीचा मोडून बसले होते.

मोहिनी पाठ करून उभी राहिली, धावायच्या आधी. कॅमेरा अगदी जवळ गेला. तिची वेणी दिसली. वेणीच्या शेंड्याला लाल दोरा. कापलेला, आखूड, पण तोच. आणि त्याला गाठ. मी मोबाईलवर नाक टेकवलं. दोन पदरांचा वेढा, आतून ओढलेला, टोक खाली दाबलेलं. ती गाठ या जगात दोघींनाच मारता येते. एक मी, आणि दुसरी जिला मी याच खळ्यावर, याच पोत्यावर बसून शिकवली, ती.

म्हणजे पोरीला माहीत होतं. टेबलावर गाठ बघितली तेव्हाच तिला कळलं होतं. आणि तिनं दोरा फेकला नाय, केसांत बांधला.

मी उभी राहिले. "दोरा मी बांधला होता!" म्हटलं. माझ्या नेहमीच्या आवाजात, त्याहून बारीक येतच नाय मला. "सवितानं नाय. मी. गडावरून आणला आणि मी बांधला. ती खोटं बोलली. सर, मला बोला काय बोलायचं ते."

मला वाटलं, आता बाया तोंडाला पदर लावून हसणार. तर आशा शांतपणे म्हणाली, "मावशी, आमाला कवाच कळलं होतं. सर म्हणाले ना, गाठ सुटेना. तवाच."

"मग बोलला का नाय कुणी?"

"तुमाला कोण बोलणार?" आशा म्हणाली, आणि मग मात्र सगळ्या हसल्या. शेठ सगळ्यात मोठ्यानं हसला. म्हणाला, "कुसाबाई, सांडला का कांदा एक तरी?"

"बसा खाली, फेकतेय ती!" सर ओरडले.

मोहिनी धावली. पांढरा भाला खांद्यावरून मागं गेला, पावलं तिरकी पडली, आणि हात असा सुटला, अगदी पोत्यावर बसून ट्रॉलीत कांदा फेकायची तसाच, कोपर वर. भाला टोकावर रुतला. पंचावन्न मीटर आणि वर काही. नंबर आठवा.

आठवा! आम्ही जे ओरडलो, हायवेवर खरंच दोन टेम्पो थांबले. एक ड्रायव्हर आत येऊन विचारू लागला, काय झालं. त्यालाबी बसवला गोणीवर. पुढच्या दोन फेकींना पोरगी छप्पन, छप्पनच्या आसपास. नंबर सहावा. ती निळ्या बुटांची पहिली होती, त्याच भाल्यानं. मी तिच्यासाठीबी देवीला हात जोडले. तिला पहिलीच राहू दे म्हटलं, फक्त आमच्या पोरीला तिसरी येऊ दे. मधल्या तिघींचं काय करायचं ते देवीनं बघावं.

शेवटची फेक. सविता माझ्या शेजारी येऊन बसली होती. मी तिचा हात धरला. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून आजवर मी कधी तिचा हात धरला नव्हता. ती रडत होती. "अजून फेकला नाय, आत्ताच काय रडतेस," मी म्हटलं.

भाला गेला. जातच राहिला. आशाच्या मोबाईलनं ऐन वेळी गोल चक्कर दाखवायला सुरुवात केली. भाला हवेत आणि वर गोल गोल फिरतंय! मी मोबाईलला अशा शिव्या घातल्या की टेम्पोवाल्यानं कानावर हात ठेवला. मग चित्र हललं, आणि मोहिनी दोन्ही हात वर करून उड्या मारत होती, आणि निळ्या बुटांची तिला मिठी मारत होती. खाली आकडे आले. अठ्ठावन्न मीटर एकतीस. नंबर तिसरा.

पुढच्या दहा मिनिटांचं मला काय आठवत नाय. एवढं आठवतं की शेठनं टोपी हवेत फेकली आणि ती कांद्याच्या ढिगात हरवली.

संध्याकाळी मोहिनीचा व्हिडिओ कॉल आला. गळ्यात पदक. आईबापाशी बोलली, सरांशी बोलली, मग म्हणाली, "आत्या कुठं?" मी मोबाईलसमोर आले.

"आत्या, दोरा निघत नाही गं केसांतून," ती म्हणाली. "गाठ लय घट्ट बसलीय. सगळ्यांनी ओढून बघितलं. कापू का?"

"कापू नको!" मी म्हटलं. "घरी ये. इथं बघू."

चार दिवसांनी ती आली. मिरवणूक, ट्रॅक्टर, हार, गुलाल, ते सगळं झालं. घरी आल्यावर ती माझ्यापुढं पाठ करून बसली आणि वेणी माझ्या मांडीवर टाकली. मी चष्मा लावला आणि गाठीला हात घातला. नखानं ओढून बघितलं, दातानं बघितलं. घामाघूम झाले. सुटेना. तीस वर्षांत मी हजारो गाठी मारल्या, पण सोडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. गोणी उघडणारे लोक वेगळे असतात.

सविता चहा घेऊन आली. कप ठेवले, मला बाजूला सरकवलं, तेलाचं एक बोट गाठीला लावलं, सुई घेतली आणि मागच्या बाजूनं खुपसून हळूच उचकटलं. गाठ सुटली. चुटकीसरशी!

"तुला कसं आलं हे?" मी विचारलं.

"वन्सं, घरात गव्हाची, बाजरीची पोती तुमी बांधता. स्वयंपाकाला दाणे कोण काढतं? पंचवीस वर्षं मीच सोडतेय तुमच्या गाठी."

मग मी विचारलंच, जे चार दिवस विचारायचं राहिलं होतं. "सविते, तू का नाव घेतलंस तुझं? तू मला बघितलं होतंस ना त्या दिवशी, दारातून?"

"बघितलं."

"मग?"

"सर तुमाला बोलले असते तर तुमी ऐकून घेतलं असतं? तुमी उलट बोलला असता, सर रागानं निघून गेले असते. मग पोरीचा खेळ आपल्याला कोण समजावून सांगणार होतं?" ती हसली. मग उठली, देव्हाऱ्यातल्या डबीतून काहीतरी काढून आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. लाल दोरा होता. नवाकोरा, न बांधलेला.

"माझ्या बहिणीकडून मागवला होता गडावरून," सविता म्हणाली. "जेवताना उठून मीच बांधायला निघाले होते. दारात आले तर तुमी आधीच बसलेल्या. नशीब समजा पोरीचं... नाय, खोटं कशाला बोलू. मी बांधला असता तर तिथं त्यांनी एका बोटानं सोडला असता, आणि भाला पास झाला असता."

मोहिनी पोट धरून हसायला लागली. मला हसूबी येईना, रागबी येईना. हातात दोरा घेऊन बसले. मग म्हटलं, "सविता, चुकलं माझं."

"काय? ऐकू नाय आलं," सविता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझी थट्टा केली तिनं.

"चुकलं माझं!" मी ओरडले. अशी ओरडले की रस्त्यावर टेम्पोचा ब्रेक वाजला.

मोहिनी खिडकीतून वाकली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काही नाही काका, चला. आत्यानं माफी मागितली." मग आम्ही तिघींनी चहा घेतला. तो गार झाला होता, सवितानं पुन्हा गरम केला.